दाव्यावरची उचल आणि दामदुपटीची मर्यादा

अमेरिकेत रस्ता अपघातात जखमी झालेल्या माणसाचा नुकसानभरपाईचा दावा वर्षभरात मिटेल की चार वर्षे चालेल, हे त्याच्या हातात नसते. त्याच्या हातात असतात ती थकलेल्या घरभाड्याची पत्रे, दवाखान्याची बिले आणि कामावर परत जाता येईल की नाही याची धास्ती. त्याचा वकील फी आगाऊ घेत नाही, भरपाई मिळाली तर त्यातला साधारण एक तृतीयांश हिस्सा घेतो. परंतु तोच वकील अशिलाला घरखर्चासाठी पैसे देऊ शकत नाही. अमेरिकन बार असोसिएशनच्या आदर्श नियमावलीतला 1.8 क्रमांकाचा नियम वकिलाला कोर्टखर्च पुढे करू देतो, घरभाडे भरू देत नाही. 2020 मध्ये त्यात दुरुस्ती झाली, पण तीही फक्त विनाशुल्क काम करणाऱ्या वकिलांनी अत्यंत गरजू अशिलाला किरकोळ मदत करण्यापुरती. बँक तर पगार बंद झालेल्या माणसाला दारात उभे करत नाही. या कोंडीत सापडलेल्या माणसाला पैसे देणाऱ्या कंपन्यांचा एक स्वतंत्र धंदाच अमेरिकेत गेल्या पंचवीस-तीस वर्षांत उभा राहिला आहे. दाव्यातून पुढे जी भरपाई मिळेल तिच्यावर ही कंपनी आज उचल देते.

या व्यवहाराची रीत समजून घेण्यासारखी आहे. जखमी वादी अर्ज करतो, तेव्हा कंपनी त्याची पतही पाहत नाही आणि उत्पन्नही विचारत नाही. ती त्याच्या वकिलाला फोन करते, पोलिसांचा अहवाल आणि वैद्यकीय कागद मागवते, समोरच्याच्या विमा पॉलिसीची कमाल मर्यादा किती आहे हे पाहते आणि दावा किती रकमेला मिटेल याचा अंदाज बांधते. त्या अंदाजाचा एक लहानसा हिस्सा, बहुतेकदा काही हजार डॉलर, ती वादीला देते. मासिक हप्ता नसतो. दावा हरला तर वादीने एक पैसाही परत द्यायचा नसतो. वकिलाच्या चुकीमुळे हरला तरीही नाही. दावा जिंकला किंवा तडजोड झाली, तर मात्र वादीच्या हातात पैसे पडण्याआधी कंपनीचे पैसे चुकते करण्याची हमी वकिलाने लेखी दिलेली असते.

करारनाम्याच्या मजकुरात ‘कर्ज’ हा शब्द शोधून सापडत नाही. वादीच्या भावी भरपाईतला काही भाग कंपनीने ‘खरेदी’ केला, अशी भाषा असते. अर्जाचा आणि प्रक्रियेचा खर्च मूळ रकमेत मिळवलेला असतो, म्हणजे जे पैसे हातात आलेच नाहीत त्यांच्यावरही आकारणी सुरू होते. बहुतेक करारांना एक तक्ता जोडलेला असतो: डावीकडे सहा-सहा महिन्यांच्या अंतराने तारखा, उजवीकडे त्या तारखेला फेडायची रक्कम. सही करणाऱ्याची नजर पहिल्या ओळीवर असते, कारण दावा लवकर मिटेल असे त्याला वाटत असते, किंबहुना तसे वाटावे अशीच त्याची परिस्थिती असते.

हा सगळा व्यवहार म्हणजे निव्वळ लुबाडणूक आहे, असे मी म्हणणार नाही. विमा कंपनीचा अधिकारी जेव्हा अपघातानंतर काही आठवड्यांतच थोडक्या रकमेचा प्रस्ताव घेऊन येतो, तेव्हा समोरच्या माणसाचे दिवस किती राहिलेत याचा त्याला पक्का अंदाज असतो. शस्त्रक्रिया व्हायची आहे, कायमचे अपंगत्व किती राहील हे डॉक्टरांनाही अजून सांगता येत नाही, आणि तरीही घरभाड्यासाठी माणूस सही करून मोकळा होतो. अशा वेळी तीन-चार हजार डॉलरची उचल त्याला नाही म्हणण्याचे बळ देत असेल, तर त्या पैशाचे मोल मोठे आहे. माझा आक्षेप उचल देण्याला नाही. उचलीची किंमत ज्या घड्याळावर मोजली जाते, त्या घड्याळाला आहे.

एक हिशेब मांडून पाहू. समजा, दावा 60,000 डॉलरला मिटला. वकिलाचा तिसरा हिस्सा 20,000 गेला. तज्ज्ञांची फी, कागदपत्रे, साक्षी यांचा खर्च 4,000. उपचारांचे पैसे भरलेल्या आरोग्य विमा कंपनीचा आणि रुग्णालयाचा भरपाईवर हक्क असतो, तो 14,000. वादीसाठी उरले 22,000. आता त्याने अडीच वर्षांपूर्वी 5,000 डॉलरची उचल दरमहा साडेतीन टक्के चक्रवाढ दराने घेतली असेल, तर तीस महिन्यांनी तिचे 14,000 डॉलरपेक्षा थोडे अधिक झालेले असतात. ज्याचा पाय मोडला, ज्याची नोकरी गेली, त्याच्या हातात 60,000 पैकी सुमारे 8,000 डॉलर येतात. तोच दर सरळव्याजाने लावला असता तर फेड 10,250 झाली असती. मासिक दर ऐकायला किरकोळ वाटतो, म्हणून तो मासिक सांगितला जातो. साडेतीन टक्के दरमहा म्हणजे चक्रवाढीने वर्षाला 51 टक्के होतात, हे करारावर सही करताना कोणी मोठ्याने वाचून दाखवत नाही.

हे आकडे मी सोयीसाठी घेतले आहेत, पण प्रत्यक्ष न्यायालयांसमोर आलेली प्रकरणे यापेक्षा सौम्य नाहीत. ओहायोमधील एका जखमी महिलेने 6,000 डॉलर घेतले होते आणि वर्षभरात दावा मिटला तर 16,800, दीड वर्षात मिटला तर 22,200 आणि दोन वर्षांत मिटला तर 27,600 डॉलर द्यायचे कबूल केले होते. नंतर आणखी 1,000 डॉलर घेतले, त्याचे 2,800. ओहायोच्या सर्वोच्च न्यायालयाने 2003 मध्ये हा करार अवैध ठरवला. न्यायालयाने पकडलेला मुद्दा मार्मिक होता. वकिलाची 30 टक्के फी आणि या कंपन्यांची 19,600 डॉलरची फेड एकत्र केली, तर 28,000 डॉलरपर्यंतच्या कोणत्याही तडजोडीतून त्या बाईंना एक डॉलरही मिळणार नव्हता. तेवढी रक्कम देऊ करणारा प्रस्ताव कितीही रास्त असला तरी तो स्वीकारण्याचे त्यांना काही कारणच उरत नव्हते. दावा तिचा, इजा तिची, आणि तडजोड करावी की करू नये हा निर्णय मात्र करारातल्या तक्त्याने आधीच घेऊन टाकलेला. (पुढे 2008 मध्ये ओहायोच्या विधिमंडळाने कायदा करून असे करार पुन्हा वैध केले, एवढे या धंद्याचे वजन.) केंटकीतील एका भाजलेल्या माणसाचे प्रकरण संघराज्याच्या अपील न्यायालयात 2019 मध्ये निकाली निघाले, त्यात तर एकूण 30,000 डॉलरच्या उचलींवर कंपनीची मागणी तीन लाख डॉलरच्या पलीकडे गेली होती. तिथेही करार टिकला नाही. पण करार टिकू नये यासाठी अपीलापर्यंत लढणारे किती निघणार? ज्याच्यापाशी एक दावा चालवण्याचे त्राण नव्हते, त्याने उचलीविरुद्ध दुसरा दावा चालवावा, ही अपेक्षाच चुकीची आहे.

अमेरिकेतली न्यायालये आणि विधिमंडळे मात्र गेली वीस वर्षे एका वेगळ्याच प्रश्नावर झगडत राहिली: हे कर्ज आहे की नाही? कर्ज असेल तर व्याजावरच्या मर्यादांचे कायदे लागू होतात, नसेल तर होत नाहीत. कोलोरॅडोच्या सर्वोच्च न्यायालयाने 2015 मध्ये सांगितले की हे कर्जच आहे, परतफेडीची बिनशर्त हमी नसली तरी. जॉर्जियाच्या सर्वोच्च न्यायालयाने 2018 मध्ये नेमके उलट सांगितले: परत देण्याची जबाबदारी दाव्याच्या निकालावर अवलंबून आहे, म्हणून हे कर्ज नव्हे. न्यूयॉर्कमधील एका न्यायालयाने 2005 मध्ये असे पाहिले की संबंधित कामगाराचा दावा त्या राज्याच्या कायद्यानुसार इतका भक्कम होता की कंपनीला जोखीम जवळपास नव्हतीच, आणि जोखीम नसेल तर तो व्यवहार सावकारीचाच ठरतो. मिनेसोटाच्या सर्वोच्च न्यायालयाने 2020 मध्ये परक्याच्या दाव्यात पैसा घालण्यावरचा जुना इंग्रजी निर्बंधच मोडीत काढला. एकाच देशात, एकाच प्रकारच्या कागदावर, राज्याची सीमा ओलांडली की उत्तर बदलते.

मला हा वाद मूळ प्रश्नाला बगल देणारा वाटतो. कर्ज म्हणा, खरेदी म्हणा, गुंतवणूक म्हणा. या व्यवहारात दोन वेगवेगळ्या जोखमी आहेत आणि त्यांचा विचार वेगवेगळा व्हायला हवा. पहिली जोखीम दावा हरण्याची. ती कंपनी उचलते आणि तिची किंमत मागण्याचा तिला अधिकार आहे. दुसरी जोखीम दावा लांबण्याची. ती जवळपास संपूर्णपणे जखमी माणसाच्या माथी मारलेली आहे. हरण्याची जोखीम दावा लांबला म्हणून दर महिन्याला साडेतीन टक्क्यांनी वाढत नाही. फेडीची रक्कम मात्र वाढते.

आता हे लांबणे कोणाच्या हाती असते ते पाहा. साक्षी पुढे ढकलणारा प्रतिवादीचा वकील असतो. पुन्हा एकदा स्वतःच्या डॉक्टरकडून तपासणीची मागणी करणारी विमा कंपनी असते. तारीख देणारे न्यायालय असते. वादीचा स्वतःचा वकीलही दहा दाव्यांतला एक म्हणून त्याच्याकडे पाहत असतो. जखमी माणूस या चौघांपैकी कोणालाही घाई करायला लावू शकत नाही, आणि प्रत्येक महिन्याचे बिल मात्र त्याच्या नावावर लागते. विमा कंपनीला वादीने उचल घेतल्याचे कळले, तर दिरंगाई हे तिच्या हातातले हत्यार बनते: सहा महिने थांबले की समोरच्याच्या वाट्याला काय उरते, हे तिलाही मोजता येते. उलट बाजूने, उशीर झाला म्हणून जखमी माणसाला भरपाई वाढवून मिळते का? न्यूयॉर्कचे उदाहरण घ्या. करारभंगाच्या दाव्यात तिथे घटनेच्या वेळेपासून व्याज मिळते, पण शारीरिक इजेच्या दाव्यात प्रतिवादी जबाबदार असल्याचा निर्णय होईपर्यंतच्या काळाचे व्याज मिळत नाही. कंपनीच्या दृष्टीने वेळ म्हणजे महिन्याला साडेतीन टक्के, आणि कायद्याच्या दृष्टीने जखमी माणसाची तीच वेळ फुकट.

या धंद्यातल्या एका मोठ्या कंपनीच्या सुमारे दोन लाख अर्जांचा अभ्यास दोन कायदेपंडितांनी प्रसिद्ध केला आहे. तो दोन्ही बाजूंनी वाचावा असा आहे. कंपनी साधारण निम्मे अर्ज नाकारते, म्हणजे पारखून निवडलेल्या दाव्यांतच पैसा घालते. पैसे पूर्ण बुडण्याची प्रकरणे मोजकी आहेत. भरपाई कमी मिळाली की ठरलेल्यापेक्षा कमी घेऊन कंपनी हिशेब मिटवते, हेही अनेकदा घडते. कागदावरचा दर आणि प्रत्यक्ष वसुली यांत त्यामुळे फरक पडतो. तरीसुद्धा प्रत्यक्ष मिळालेला परतावा वार्षिक चाळीस टक्क्यांच्या वर जातो. सूट मिळते ती वकिलाने शेवटच्या क्षणी फोन करून घासाघीस केली तर. ज्याचा वकील फोन करत नाही त्याला तक्त्यातला आकडा भरावा लागतो. कराराच्या कडकपणावर उतारा म्हणून वकिलाच्या भिडेवर विसंबणे ही काही व्यवस्था नव्हे.

मग दरावर मर्यादा घालावी का? आर्कान्सॉने 2015 मध्ये वार्षिक 17 टक्क्यांची मर्यादा घातली. वेस्ट व्हर्जिनियाने 2019 मध्ये 18 टक्के मर्यादा घातली आणि साडेतीन वर्षांनंतर आकारणी थांबवली. यावर उद्योगाचे म्हणणे असे की इतक्या कमी दरात बुडीत रकमा भरून निघत नाहीत, त्यामुळे कंपन्या राज्य सोडून जातात आणि गरजू माणसाला काहीच मिळत नाही. या म्हणण्यात तथ्य आहे. म्हणूनच वेस्ट व्हर्जिनियाच्या कायद्यातला दुसरा भाग मला पहिल्यापेक्षा महत्त्वाचा वाटतो. घड्याळ कुठे तरी थांबले पाहिजे.

आपल्या परंपरेत याचे उत्तर फार पूर्वी दिलेले आहे. दामदुपटीचा नियम हिंदू विधीत प्राचीन काळापासून आहे आणि मुंबई प्रांताच्या न्यायालयांनी तो ब्रिटिश अमदानीतही मानला: एका वेळी वसूल करायचे व्याज मुद्दलापेक्षा अधिक असू नये. हा नियम दर ठरवत नाही. सावकाराने पहिल्या वर्षी किती घ्यावे यात तो फार ढवळाढवळ करत नाही; तो फक्त एवढेच सांगतो की कितीही काळ लोटला तरी दुपटीच्या पुढे जाता येणार नाही. दाव्यावरच्या उचलीला हा नियम चपखल बसतो, कारण इथे अन्यायाचे मूळ काळातच आहे. वरच्या हिशेबात दामदुपट लावली तर फेड 10,000 वर थांबते आणि वादीच्या हातात 8,000 ऐवजी 12,000 डॉलर राहतात. कंपनीचे काय होईल? समजा तिने पाच-पाच हजारांच्या दहा उचली दिल्या आणि त्यांतल्या दोन साफ बुडाल्या. उरलेल्या आठ दुप्पट होऊन आल्या तर 50,000 चे 80,000 होतात. तीन वर्षे लागली असे धरले तरी वर्षाला सुमारे 17 टक्के पडतात. कार्यालयाचा खर्च आणि भांडवलाची किंमत वजा जाता नफा आजच्याइतका राहणार नाही, हे कबूल. पण दावे लवकर मिटवण्यात मग कंपनीलाही रस निर्माण होईल, आज तो नाही. अनेक कंपन्या स्वतःहूनच ‘दुपटीच्या वर घेणार नाही’ किंवा ‘तिपटीच्या वर घेणार नाही’ अशी जाहिरात करतात, म्हणजे अशा मर्यादेने धंदा बसतो हा युक्तिवाद त्यांच्याच तोंडून खोडला जातो.

हा विषय अमेरिकेपुरता ठेवून महाराष्ट्राने स्वस्थ बसावे, असे मला वाटत नाही. परक्याच्या दाव्यात पैसा घालणे भारतात निषिद्ध नाही. ब्रिटिश काळात इथल्या अपिलांचे सर्वोच्च न्यायपीठ असलेल्या प्रिव्ही कौन्सिलने 1876 मध्येच सांगितले की इंग्लंडचा निर्बंध इथे लागू नाही. करार रास्त असेल तर टिकेल, पिळवणुकीचा असेल तर टिकणार नाही. वकिलाला मात्र बार कौन्सिलच्या नियमांनुसार दाव्याच्या फळात वाटा मागता येत नाही आणि दाव्यासाठी अशिलाला कर्जही देता येत नाही. 2018 मध्ये परदेशी वकिलांच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने जाता जाता नोंदवले की वकील नसलेल्या त्रयस्थाने दाव्याला पैसे पुरवून निकालानंतर ते परत घेण्यावर बंदी दिसत नाही. दिल्ली उच्च न्यायालयाने 2023 मध्ये अशा अर्थसाहाय्याकडे न्याय मिळवण्याचे साधन म्हणून पाहिले. थोडक्यात, दार उघडे आहे आणि आत येणारे आज प्रामुख्याने कंपन्यांच्या लवादांत रस घेणारे आहेत. जखमी माणसाच्या दाव्यापर्यंत ते पोहोचणार नाहीत, असे समजण्याला काही आधार नाही.

महाराष्ट्रापाशी तर याविषयी लिखित नियमही आहे. मुंबई उच्च न्यायालयाने दिवाणी प्रक्रिया संहितेच्या पंचविसाव्या आदेशात केलेल्या दुरुस्तीनुसार, दाव्यासाठी पैसे मिळावेत म्हणून वादीने दाव्यातल्या मालमत्तेचा हिस्सा कोणाला देऊ केला असेल, तर न्यायालय त्या माणसाला त्याच्या संमतीने वादी म्हणून सामील करू शकते आणि खर्चाची हमीही मागू शकते. इतर बहुतेक राज्यांत असा नियम नाही, म्हणून त्याचे कौतुक केले जाते. पण बारकाईने वाचले तर तो रक्षण करतो प्रतिवादीचे, त्याचा खर्च बुडू नये म्हणून. पैसे घेणाऱ्या वादीच्या वाट्याला शेवटी काय उरावे, याबद्दल तो अवाक्षर काढत नाही.

आपल्याकडे जखमी माणसाच्या भरपाईबद्दल न्यायालयांना काळजी नाही असे मुळीच नाही. मोटार अपघाताच्या भरपाईची रक्कम गरीब किंवा निरक्षर दावेदाराकडून कोणी काढून घेऊ नये म्हणून ती मुदत ठेवीत ठेवावी आणि न्यायाधिकरणाच्या परवानगीशिवाय त्या ठेवीवर कर्ज दिले जाऊ नये, अशा मार्गदर्शक सूचना सर्वोच्च न्यायालयाने नव्वदच्या दशकातच दिल्या आहेत. मोटार वाहन कायद्याच्या 171 व्या कलमाखाली दाव्याच्या तारखेपासून सरळव्याज देता येते. दोष कोणाचा हे न पाहता मृत्यूसाठी पाच लाख आणि गंभीर इजेसाठी अडीच लाख रुपये मागण्याची सोय 164 व्या कलमात आहे, परंतु ती घेतली की मोठ्या भरपाईचा रस्ता बंद होतो. नेमकी इथे दुरुस्ती हवी. पूर्वीच्या 140 व्या कलमात अंतरिम रक्कम मिळत असे आणि ती पुढच्या भरपाईतून वजा होत असे. रक्कम तुटपुंजी होती, पण तत्त्व योग्य होते. इंग्लंडमध्ये प्रतिवादीची जबाबदारी स्पष्ट असेल तर न्यायालय निकालापूर्वीच काही रक्कम द्यायला लावू शकते. उशिराची किंमत ज्याच्यामुळे उशीर होतो त्याच्या खिशातून अशी आधीच निघाली, तर उचलीची गरजच निम्म्याने कमी होईल.

ज्यांना तरीही उचल घ्यावी लागेल, त्यांच्यासाठी पंचविसाव्या आदेशातल्या याच नियमाला दोन वाक्ये जोडता येतील आणि तशीच तरतूद मोटार अपघात न्यायाधिकरणांच्या राज्य नियमांतही घालता येईल: मुद्दलाइतक्याच रकमेच्या पुढे आकारणी चालणार नाही, आणि वकिलाचा व उपचारांचा खर्च जाता वादीसाठी जे उरेल त्याच्या निम्म्याहून अधिक कोणत्याही अर्थसाहाय्य करणाऱ्याला घेता येणार नाही. न्यू जर्सीत, टेक्सासमध्ये किंवा कॅलिफोर्नियात असलेल्या मराठी वाचकांपैकी ज्याच्यासमोर असा करारनामा आज पडला असेल, त्याने महाराष्ट्राच्या नियमांची वाट पाहायची गरज नाही. तक्त्याची शेवटची ओळ आधी वाचावी. आकारणी चक्रवाढ आहे का, प्रक्रियेचा खर्च मूळ रकमेत धरला आहे का, ती कोणत्या तारखेला थांबते, आणि तडजोडीचा निर्णय घेण्याच्या अधिकारावर कंपनीने काही हक्क ठेवला आहे का, हे आपल्या वकिलाला लेखी विचारावे. त्या वकिलाला या कंपनीकडून काही मोबदला मिळतो का, हेही विचारायला संकोच करू नये. आणि गरज तीन हजारांची असताना कंपनी आठ हजार देऊ करत असेल, तर तीनच घ्यावेत.